‘कामाचं वाच’ म्हणणाऱ्या घरात कादंबरी कशी वाचायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकच्या अंबड भागातल्या एका कारखान्यात शिफ्टमध्ये काम करणारे, सिडकोत राहणारे, चाळिशी ओलांडलेले एक गृहस्थ लिहितात की शाळा-कॉलेजात ते अधाशासारखे वाचायचे. आता कादंबरी हातात घेतली की दहा पानांत मन उठतं, आणि वाचत बसलो तर वर अपराधीही वाटतं. वडील म्हणतात, “एवढा वेळ आहे तर काही कामाचं वाच.” बायको काही बोलत नाही, पण तिला आवडत नाही हे कळतं. मुलगा सातवीत, इंग्रजी माध्यमात, मराठी पुस्तकाला हात लावत नाही. निव्वळ आवड म्हणून वाचणं हा वेळेचा अपव्यय आहे का? आणि सुटलेली सवय पुन्हा लागते का?

मी नाशिकमध्ये सार्वजनिक ग्रंथालयात ग्रंथपाल आहे. नोकरीचा मोठा भाग देवघेव विभागात गेला, मधली काही वर्षं बाल विभागात. तुमच्यासारखे वाचक मला जवळजवळ रोज भेटतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी सरळ उत्तर. अपव्यय नाही. सवय पुन्हा लागते, आणि बहुतेकांना वाटतं त्याहून लवकर लागते. पण त्या अपराधीपणाचा आधी निकाल लावायला हवा, कारण दहाव्या पानावर मन उठतं त्यात त्याचा वाटा मोठा आहे.

आपल्याकडे मौजेखातर वाचायची परवानगी आयुष्यात दोनदाच मिळते, दहावीच्या आधी आणि निवृत्तीनंतर. लहान मूल गोष्टीचं पुस्तक घेऊन बसलं तर कौतुक होतं. नोटप्रेसमधून किंवा ओझरच्या एचएएल या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले काका रोज सकाळी ग्रंथालयात येऊन बसले तर त्यांचंही कौतुक होतं. मधली चाळीस-पंचेचाळीस वर्षं मात्र माणसाने वाचनाचा हिशोब द्यायचा असतो. कशासाठी वाचतोस? परीक्षा आहे का? प्रमोशनसाठी लागतं का? तुम्ही नेमके त्या मधल्या पट्ट्यात आहात, म्हणून तुम्हाला हे बोलणं ऐकावं लागतं. रविवारी सकाळी गाडी काढून गंगापूर रोडला मिसळ खायला जाणाऱ्याला कोणी विचारत नाही की यातून काय मिळालं. मिसळ खाऊन बरं वाटलं, एवढं पुरतं. कादंबरीलाही एवढं पुरायला हवं.

हा हिशोब ग्रंथालयात अगदी डोळ्यांना दिसतो. शहरातल्या कुठल्याही मोठ्या ग्रंथालयात सकाळी जा, अभ्यासिकेत खुर्ची मिळणार नाही. एमपीएससी, तलाठी भरती, पोलीस भरती, बँका. मुलं डबा घेऊन येतात आणि रात्रीपर्यंत बसतात. त्यांच्या कष्टांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण त्याच इमारतीत, चार पावलांवर, कथा-कादंबऱ्यांची कपाटं उघडी असतात आणि त्या मुलांपैकी क्वचित कोणी तिकडे वळतं. एकदा एका मुलाला मी म्हटलं, जेवणाच्या सुट्टीत एखादी कथा वाच, डोकं हलकं होईल. तो म्हणाला, “मॅडम, पोस्ट निघाली की मग वाचीन.” त्याच्या दृष्टीने गोष्ट वाचणं ही नोकरी लागल्यावर मिळवायची चैन होती. आणि नोकरी लागली की काय होतं, ते तुम्ही तुमच्या पत्रात लिहिलंच आहे.

सगळं खापर मोबाइलवर फोडायची आपल्याला सवय लागली आहे. मोबाइलचा परिणाम आहेच, त्याबद्दल पुढे सांगते. पण नॅशनल बुक ट्रस्टसाठी २००९ साली देशभर एक मोठी पाहणी झाली होती. १३ ते ३५ वयाच्या साक्षर तरुणांपैकी साधारण एक चतुर्थांशच पाठ्यपुस्तकांपलीकडची पुस्तकं वाचतात, असं तिच्यात आढळलं. स्वस्त इंटरनेट घराघरांत आलं ते २०१६ नंतर. म्हणजे फोन हातात येण्याच्या आधीच चारातले तीन शिकलेले तरुण पुस्तकापासून लांब होते. पुस्तक म्हणजे अभ्यास, हे आपण त्यांच्या मनावर आधीच ठसवलं होतं.

मराठी वाचक मुळात असा नव्हता, हे मी ठासून सांगते. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी आपल्या ‘मनोरंजन’ मासिकाचा पहिला दिवाळी अंक काढला आणि त्यातून शंभर वर्षांहून जुनी परंपरा उभी राहिली. फराळाच्या ताटाशेजारी अंक उघडून बसायचं, घरातल्या चौघांनी पाळीपाळीने तो पळवायचा, यात कोणाला अपराधी वाटत नव्हतं. आजही ग्रंथालयांच्या दिवाळी अंक योजनेला वाचक येतात. ठरावीक रक्कम भरायची आणि पुढचे काही महिने एकेक अंक बदलून न्यायचा. त्यात पहिल्या आठवड्यात हमरीतुमरीवर येणारे सभासद मी पाहिले आहेत, आणि मला ते आवडतात. बाबुराव अर्नाळकरांनी हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, त्या कोणी प्रमोशनसाठी वाचल्या नाहीत. जुन्या ग्रंथालयांत अशा रहस्यकथांच्या ज्या प्रती उरल्या आहेत, त्यांची बांधणी दोन-दोन, तीन-तीनदा झालेली असते, पानांचे कोपरे गोल झालेले असतात. त्याच काळातले जाडजूड वैचारिक ग्रंथ शेजारच्या फळीवर कोरे करकरीत उभे असतात. वैचारिक ग्रंथांना कमी लेखायचा माझा हेतू नाही. वाचनाची सवय कशाने लागली, एवढंच त्या दोन फळ्या सांगतात.

आणि नाशिकला तर वाचनाची जुनी ओढ आहे. इथलं सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं. कुसुमाग्रज प्रतिष्ठानने २००९ पासून ‘ग्रंथ तुमच्या दारी’ सुरू केलं. शंभर पुस्तकांची एक पेटी, ती एखाद्या सोसायटीत, कॉलनीत, ऑफिसात ठेवायची, ओळखीच्या वाचकांनी आपापसांत पुस्तकं फिरवायची आणि काही महिन्यांनी पेटी बदलून घ्यायची. हा उपक्रम नाशिकमधून निघून दुबईपर्यंत गेला. त्यामागची समजूत मला फार मोलाची वाटते. वाचक आळशी नसतो. अंबडहून दमून आलेला माणूस पुन्हा गाडी काढून टिळक पथावरच्या वाचनालयात येईल ही अपेक्षाच चुकीची आहे, पुस्तकाने त्याच्या जिन्यापर्यंत जायला हवं. तुमच्या सोसायटीत आठ-दहा घरं तयार असतील तर अशा पेटीची चौकशी जरूर करा.

मग बिघडलं कुठे? माझं मत स्पष्ट आहे. आपण वाचनाला सद्गुण करून टाकलं. भिंतीवर ‘वाचाल तर वाचाल’ लिहिलं. डॉ. कलामांच्या जयंतीला, १५ ऑक्टोबरला, २०१५ पासून राज्यात वाचन प्रेरणा दिन असतो. चांगली गोष्ट आहे. पण बऱ्याच ठिकाणी त्या दिवशी मुलं ओळीने बसून, डोळ्यांचा कोपरा फोटो काढणाऱ्या सरांकडे ठेवून वाचतात, आणि दुसऱ्या दिवशी त्या पुस्तकाचा सारांश वहीत लिहून द्यायचा असतो. बक्षीस म्हणून मिळणारं पुस्तक बहुतेक वेळा थोरांचं चरित्र असतं. ज्या गोष्टीचा रोज उपदेश होतो तिची गोडी लागत नाही, हे आपल्याला व्यायामाच्या बाबतीत कळतं, पुस्तकाच्या बाबतीत कळत नाही.

तुमच्या वडिलांना पटेल असा पुरावा हवा असेल तर आहे. १९७० साली एका आठवड्यात जन्मलेल्या हजारो ब्रिटिश मुलांचा पाठपुरावा संशोधकांनी पुढे अनेक दशकं केला. लंडन विद्यापीठातल्या अभ्यासकांनी ही माहिती तपासून २०१३ साली मांडलं, की आवडीने वाचणाऱ्या मुलांची १० ते १६ या वयातली प्रगती न वाचणाऱ्यांपेक्षा जास्त होती. शब्दसंग्रह आणि स्पेलिंगमध्ये होती, आणि गणितातही होती. आईवडिलांच्या शिक्षणापेक्षाही या वाचनाचा परिणाम मोठा दिसला. हे वडिलांना जरूर सांगा. पण तुम्ही स्वतः यासाठी वाचू नका, आणि मुलालाही हे कारण देऊ नका. ती मुलं गणित सुधारावं म्हणून वाचत नव्हती. आवडत होतं म्हणून वाचत होती, बाकीचं आपोआप झालं. फायद्यासाठी वाचायला बसलं की दर पानाला फायदा मोजला जातो, आणि गोष्ट तिथेच मरते.

आता तुमच्या दहाव्या पानाकडे येते.

पहिली गोष्ट, डोळे तपासून घ्या. तुम्हाला वाटेल मी विषय बदलते आहे. पण ‘हल्ली मन लागत नाही’ म्हणणारे चाळीस-पंचेचाळीसचे वाचक मी काउंटरवर पाहते, तेव्हा त्यांतले बरेच जण पुस्तक हात लांब करून धरत असतात. फोनवर अक्षर बोटाने मोठं करता येतं, म्हणून कळत नाही. छापील पानावर अर्ध्या तासात कपाळ जड होतं आणि माणूस समजतो की आपली आवडच गेली. साधा जवळचा चष्मा लागल्यावर पुन्हा महिन्याला चार-पाच पुस्तकं नेणारे लोक माझ्या पाहण्यात आहेत. दिवाही बघा. छताला एकच ट्यूब आणि सोफा तिच्याकडे पाठ करून, अशी मांडणी असेल तर पानावर स्वतःचीच सावली पडते. खुर्चीच्या मागून, डाव्या खांद्यावरून प्रकाश येईल असा एक दिवा लावा.

दुसरी गोष्ट, इतक्या वर्षांनी सुरुवात कादंबरीने करू नका. कादंबरीची पहिली तीस-चाळीस पानं माणसं, नाती, गाव यांच्या ओळखीत जातात. तिथे वाचकाने थोडं उधारीवर वाचायचं असतं, परतफेड पुढे मिळते. फोनवरचे व्हिडिओ मात्र काही सेकंदांत हातावर काहीतरी ठेवतात. त्या सवयीच्या मनाला चाळीस पानांची उधारी जड जाते. म्हणून आधी कथासंग्रह घ्या. बारा-पंधरा पानांची कथा एका बैठकीत संपते. काहीतरी पुरं वाचल्याचं समाधान त्याच रात्री मिळतं, आणि ते या टप्प्यावर फार गरजेचं असतं. व्यक्तिचित्रं, प्रवासवर्णनं, ललित लेख हेही असेच तुकड्यातुकड्याने वाचता येतात. सगळ्यांत खात्रीचा उपाय म्हणजे कॉलेजात आवडलेलं एखादं पुस्तक पुन्हा वाचणं. माणसं ओळखीची असतात, पुढचं साधारण माहीत असतं, त्यामुळे मन सैरावैरा गेलं तरी परत येऊन धागा सापडतो. पुन्हा वाचणं म्हणजे वेळ दुप्पट घालवणं असं काहींना वाटतं. मला तसं अजिबात वाटत नाही. विशीत वाचलेलं पुस्तक चाळिशीत वेगळं लागतं, त्यातल्या बापाचं दुःख तेव्हा दिसलेलंच नसतं.

तिसरी गोष्ट वेळेची. ‘रोज झोपताना वाचा’ हा सल्ला सगळीकडे मिळतो, पण शिफ्टच्या माणसाला तो निरुपयोगी आहे. फर्स्ट शिफ्टला पहाटे उठलेला माणूस रात्री दहाला पुस्तक उघडतो तेव्हा तिसऱ्या पानावर झोपणारच. त्याला आवड-नावडीशी जोडू नका, ती झोप आहे. तुमच्यासाठी खरा वेळ सेकंड शिफ्टच्या आठवड्यात आहे. मुलगा शाळेत गेला, आंघोळ-नाश्ता झाला की ड्युटीला निघेपर्यंत सकाळचे दोन-तीन तास हाताशी असतात. त्यातला पाऊण तास घ्या. फर्स्टच्या आठवड्यात संध्याकाळचा चहा झाल्यावर वीस मिनिटं. नाइटच्या आठवड्यात सोडून द्या. महिन्यातला एक आठवडा वाचन झालं नाही म्हणून सवय मोडत नाही. ती मोडते ‘आता पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला हवं’ या विचाराने. पुस्तकात खूण ठेवा आणि तिथूनच पुढे जा. आणि त्या पाऊण तासात फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, उलटा करून शेजारी नको.

पंचवटी एक्स्प्रेसने रोज मुंबईला जाणारे आमचे काही सभासद आहेत. त्यांचं वाचन माझ्यापेक्षा जास्त आहे. त्यांच्याकडे वेळ जास्त असतो असं नाही, पण वेळेला जागा आणि हद्द ठरलेली असते. गाडीत बसलं की पुस्तक उघडायचं, कल्याण आलं की मिटायचं. घरातही अशी एखादी ठरलेली खुर्ची आणि ठरलेली वेळ असली की मनाशी रोज नव्याने भांडावं लागत नाही.

चौथी गोष्ट, आवडलं नाही तर सोडा. पन्नास पानांपर्यंत पुस्तकाने धरलं नाही तर निःसंकोच परत करा. सभासद न वाचलेलं पुस्तक परत करताना मान खाली घालून कारणं सांगतात. पाहुणे आले होते, तब्येत बरी नव्हती. काही गरज नाही. डॉ. रंगनाथन मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गणिताचे अध्यापक होते, पुढे ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. त्यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, हे त्यातले दोन. तुम्ही अडवून ठेवलेलं पुस्तक दुसऱ्या कोणाचं असेल. पारितोषिक मिळालेलं पुस्तक आवडलंच पाहिजे असाही दंडक नाही. कोणी रहस्यकथेला हलकं म्हणालं तर म्हणू द्या. मी स्वतः दमलेल्या दिवशी रहस्यकथाच वाचते.

असं सहा-आठ आठवडे चाललं की सलग वाचायचा दम परत येतो. मग कादंबरीला हात घाला, तीही दीडशे-दोनशे पानांची.

बायकोबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिली आहे, पण मला ती महत्त्वाची वाटली. ती स्वयंपाकघरात आणि तुम्ही पुस्तक घेऊन खुर्चीत, असं चित्र असेल तर तिची नाराजी पुस्तकावर नाही. तुमच्या फुरसतीवर आहे, आणि रास्त आहे. आपल्या घरांमध्ये फुरसत सगळ्यांना सारखी मिळत नाही. देवघेवीच्या नोंदी बघितल्या तर सभासद म्हणून पुरुषांची नावं जास्त दिसतात, पण पुस्तक निवडायला कपाटाशी कोण उभं असतं ते बघा. एक बाई गेली कित्येक वर्षं यजमानांच्या कार्डावर पुस्तकं नेतात. कापडी पिशवीत खाली भाजी, वर पुस्तक. मी एकदा विचारलं, “ताई, तुमच्या नावावर कार्ड काढू का?” तर म्हणाल्या, “नको, घरात विचारतील की मला कशाला वेगळं?” त्या दुपारी दीड ते तीन वाचतात, सगळ्यांची जेवणं आणि भांडी झाल्यावर. कोणी आलं तर पुस्तक उशीखाली जातं. चोरी नाही, काही नाही, तरी लपवावं लागतं. या बाईंना मी दोन वेळा दिवाळी अंकांवर बोलताना ऐकलं आहे. नियतकालिकात छापण्याजोगी समीक्षा त्या काउंटरला टेकून करतात. म्हणून तुम्हाला सांगते, तुमच्या पाऊण तासाइतकाच तिचाही पाऊण तास ठरवा, आणि तेवढा वेळ घर तुम्ही बघा. तिने वाचलंच पाहिजे असं नाही. तिने त्या वेळात काय करायचं ते तिचं तिने ठरवावं.

आता मुलगा. सातवीतलं इंग्रजी माध्यमाचं मूल मराठी पुस्तक ‘बोअर’ म्हणून बाजूला ठेवतं, तेव्हा बहुतेक वेळा खरं कारण वेगळं असतं. त्याला मराठी वाचायला जड जातं आणि ते सांगायची लाज वाटते. बोलतं फाडफाड, ऐकलेलं सगळं कळतं, पण डोळ्यांनी वाचायचा वेग दुसरी-तिसरीच्या मुलाइतका असतो. बाल विभागात असताना एका मुलाला मी एक साहसकथा मोठ्याने वाचायला सांगितली. पहिली ओळ झोकात वाचली. दुसऱ्या ओळीत ‘उद्ध्वस्त’ आला आणि आवाज बंद पडला. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग पुस्तक मिटलं आणि म्हणाला, “स्टोरी बोअर आहे.” दोन ओळींत त्याला गोष्ट काय कळणार होती? पान ५९ उघड म्हटलं तर ‘एकोणसाठ म्हणजे फिफ्टीनाइन ना?’ असं विचारणारी हुशार मुलं इथे ढिगाने आहेत. यात मुलांचा काही दोष नाही, त्यांना सरावच मिळालेला नसतो.

वाचन अभ्यासणाऱ्या मानसशास्त्रज्ञांनी ही गाठ फार पूर्वी दाखवून दिली आहे. कीथ स्टॅनोविच यांनी १९८६ साली मांडलं, की ज्याला वाचणं सोपं जातं तो जास्त वाचतो, म्हणून त्याला आणखी सोपं जातं. ज्याला जड जातं तो टाळतो, आणि दरी वाढत जाते. ही गाठ उपदेशाने सुटत नाही, सोप्या मजकुराने सुटते.

तेव्हा असं करा. त्याला मराठी वाचायला सांगू नका, तुम्ही वाचून दाखवा. सातवीतल्या मुलाला वाचून दाखवायचं म्हणजे लहान बाळ समजल्यासारखं होईल असं वाटतं, पण गोष्ट चांगली असेल तर तो दाराशी येऊन उभा राहतो. भुताची, शिकारीची, चोरीची, क्रिकेटची, त्याला रुचेल ती घ्या. रात्री दहा मिनिटं वाचा आणि उत्कंठेच्या जागी थांबा. काही दिवसांनी पुस्तक त्याच्या खोलीत गेलेलं दिसलं तर काही बोलू नका. ग्रंथालयात नेलंत तर त्याला मुक्तद्वार विभागात, म्हणजे जिथे कपाटातलं पुस्तक आपल्या हाताने निवडता येतं तिथे, मोकळा सोडा आणि तुम्ही दुसरीकडे उभे राहा. त्याने चौथीच्या मुलाचं चित्रमय पुस्तक उचललं तर ‘हे तुझ्यासाठी लहान आहे’ असं म्हणू नका, त्याला झेपणारं तेच आहे. इंग्रजी पुस्तक उचललं तर इंग्रजी नेऊ द्या. आधी वाचणारा होऊ दे. वाचणाऱ्या मुलाला मराठीकडे आणता येतं. न वाचणाऱ्याला कुठेच नेता येत नाही.

आणि वाचून झाल्यावर प्रश्न विचारू नका. ‘यातून काय शिकलास?’ हा प्रश्न तर घरातून हद्दपार करा. तुम्ही एखादा सिनेमा बघून आलात आणि कोणी दारातच तात्पर्य विचारलं, तर पुढच्या वेळी तुम्ही सांगून जाणार नाही. बाल विभागात एक आई दर शनिवारी मुलीला आणायची आणि पुस्तक परत करण्याआधी माझ्यासमोर तिला गोष्ट सांगायला लावायची. मुलगी पुस्तकं दिवसेंदिवस पातळ निवडायला लागली. मी आईला बाजूला घेऊन सांगितलं, महिनाभर विचारू नका. तिने ऐकलं, हे त्या बाईंचं मोठेपण. पोरगी पुढे जाड पुस्तकांकडे आपणहून गेली आणि न विचारता गोष्ट सांगायला लागली, इतकी की आईलाच थांबवावं लागायचं.

पुस्तकं विकत घ्यावीत की ग्रंथालयातून आणावीत, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण पुढे येईलच. सुरुवातीला ग्रंथालयातून आणा. अनामत परत मिळते, वर्गणी परवडण्यासारखी असते, आणि मुख्य म्हणजे न आवडलेलं पुस्तक परत करताना पैसे बुडाल्याची बोच राहत नाही, त्यामुळे निवड धाडसाने होते. विकत फक्त तेच घ्या जे परत वाचावंसं वाटेल. शोकेसमध्ये मांडायला संच घेऊ नका. काचेआडची पुस्तकं मुलं उघडत नाहीत, टीपॉयवर उघडी पडलेली उघडतात.

राहता राहिले वडील. त्यांच्याशी वाद घालू नका. त्यांच्या पिढीने एकेका पगारावर घर उभं केलं, त्यात बिनकामाच्या गोष्टीला जागा नव्हती. ‘कामाचं वाच’ यामागे मुलगा मागे पडू नये ही काळजी आहे. पण एक विचारून बघा. ते स्वतः तरुणपणी काय वाचायचे? मी हा प्रश्न अनेक कडक आजोबांना विचारला आहे. आधी ‘छे, वेळ कुठे होता’ म्हणतात. मग हळूच एखादं मासिक निघतं, गावच्या वाचनालयातून आणलेली एखादी ऐतिहासिक कादंबरी निघते, कंदिलाच्या उजेडात वाचलेला एखादा गुप्तहेर निघतो. तसं काही निघालं तर ते पुस्तक शोधून त्यांच्यासाठी आणा. टाइप मोठा आहे ना ते बघून घ्या, जुन्या आवृत्त्यांचा बारीक टाइप त्यांना आता झेपायचा नाही. पुस्तक बाजारात मिळत नसलं तरी जुन्या ग्रंथालयात असण्याची बरीच शक्यता असते. नाव आठवत नसेल तरी या. लेखकाचं अर्धं नाव, मुखपृष्ठाचा रंग, गोष्टीतला एखादा प्रसंग, एवढ्यावरून पुस्तक काढून देणारे कर्मचारी अजून आमच्याकडे आहेत.